किलोला किलो कटतो

वीस मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दट्ट्याच्या टोकाला काळं रबर असतं आणि त्या रबराला दोन कडा असतात. एक औषधाला टेकलेली, दुसरी मागची, कोरडी. दोन्हींमध्ये साधारण सात मिलिमीटरचं अंतर असतं. वाचायची ती औषधाला टेकलेली कड. मागची वाचली तर औषध दोन मिलिलिटरनं कमी जातं, आणि देणाऱ्याला ते कधीच कळत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं आकडा बरोबरच असतो.

मी साडेअकरा मिलिलिटर ओढलं, सिरिंज खिडकीच्या उजेडात डोळ्यांच्या पातळीवर धरली, टिचकी मारून बुडबुडा वर घालवला आणि पुन्हा वाचलं. साडेअकरा.

"किती वेळ बघशील? मासे आहेत का त्यात?" ताई म्हणाली.

"तोंड उघड."

"उघडते. कुठं पळून चाललेय?"

तिनं औषध घेतलं, डोळे मिटले, आणि ओठ घट्ट दाबून तीनपर्यंत आकडे मोजले. मग पाणी. मग पाठ खुर्चीला टेकवून ती भिंतीकडे बघत बसली. हे रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला व्हायचं. सकाळच्या औषधानंतर दुपारी बारापर्यंत तिच्या पोटात काही राहायचं नाही, त्यामुळे मी तोवर काही द्यायचंच सोडून दिलं होतं. मी सिरिंज गरम पाण्यानं धुतली, रबर वेगळं करून पुसलं, आणि कामावर गेले.

ताई माझी थोरली बहीण, अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इमारतीच्या तळमजल्यावर ताईचं शिवणकामाचं दुकान होतं. कपडे घट्ट करणं, सैल करणं, पँटची उंची कमी करणं, तुटलेली चेन बदलणं. त्या मशीनवर तिनं मला वाढवलं, नर्सिंगला घातलं, आणि पुढं मी नर्सिंग शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून मला 'मास्तरीण' म्हणायला सुरुवात केली. लग्न दोघींनीही केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर ताई म्हणायची, "मापात बसणारा कुणी आलाच नाही."

दुकान आता बंद होतं. औषधानं तिच्या बोटांची टोकं बधिर झाली होती. सुई टोचली की तिला कळायचं नाही. कापडावर लाल ठिपका दिसला की कळायचं. असं दोनदा झाल्यावर तिनं मशीनवर झाकण घातलं.  

मी शिकवते तो विषय औषधाच्या मात्रेचं गणित. बावीस वर्षं तेच. एकक-साखळीची पद्धत, म्हणजे आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, त्यांच्या मागे लागलेल्या एककांवर ठेवायचा. शेवटी काय हवंय ते आधी लिहायचं: मिलिलिटर, एका वेळेला. मग एकेक अपूर्णांक असा जोडत जायचा की नको असलेलं एकक वर एकदा आणि खाली एकदा यावं. वरच्याला खालचा कटतो. सगळं कटून झाल्यावर हवं तेच एकक उरलं, तर मांडणी बरोबर. दुसरं काही उरलं, तर कुठंतरी अपूर्णांक उलटा पडलाय.

ताईच्या औषधाची साखळी अशी होती. दर किलो वजनामागे दिवसाला बारा मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. बाटलीत पाच मिलिलिटरला एकशेवीस मिलिग्रॅम. वजन सेहेचाळीस किलो.

१२ × ४६ ÷ २ × ५ ÷ १२० = ११.५

किलोला किलो कटतो, दिवसाला दिवस कटतो, मिलिग्रॅमला मिलिग्रॅम कटतो. उरतात एका वेळेचे साडेअकरा मिलिलिटर.

बाटलीवरच्या चिठ्ठीवर मात्र साडेचौदा लिहिलेलं होतं. ते अठ्ठावन्न किलोचं होतं.

हे असं झालं.

ताईचे डॉक्टर आमच्यापासून सहा तासांवरच्या मोठ्या रुग्णालयात होते. सुरुवातीला आम्ही दोघी तिथं गेलो होतो. डॉक्टर सरळ बोलणारे होते. ते म्हणाले, आजार बरा होणारा नाही, पण हे औषध लागू पडलं तर काही महिने जास्त मिळतील. दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एका महिन्यात वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं तर आधी त्यांना कळवायचं. आणि वजन पन्नासच्या खाली गेलं तर औषध बंद करायचं, कारण मग ते फायद्यापेक्षा त्रासच जास्त देतं.

ताईनं हात वर केला, ट्रॅफिकवाला करतो तसा.

"मला आकडे सांगू नका, डॉक्टर. हिला सांगा. आकड्यांची मास्तरीण ही आहे."

बाहेर आल्यावर जिन्यात ती थांबली. तिला दम लागला होता. म्हणाली, "हे बघ. कधी थांबायचं ते तू ठरव. तुला त्यातलं कळतं. मी एकदाही विचारणार नाही, शब्द देते. फक्त तू ठरव."

मी बरं म्हटलं.

त्यानंतर साधारण दर तीस दिवसांनी, सोमवारी दहा वाजता, रुग्णालयातून फोन यायचा. फोन करणारी नर्स प्रेमळ आणि घाईत असायची. ताई तिला 'फोनवरची' म्हणायची, आणि सगळ्या व्यवस्थेला 'उंटावरून शेळ्या'. पाच प्रश्न ठरलेले: उलटी, ताप, तोंडातले फोड, चालणं, वजन. उत्तरं डॉक्टरांसमोर जायची, आणि दोन दिवसांत सहा बाटल्यांचं खोकं घरी यायचं.

दर रविवारी मी ताईला वजनकाट्यावर उभी करायचे. ती समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायची. "तू बघ, मी नाही बघत," म्हणायची. आकडा माझ्याकडे राहायचा.

पहिल्या महिन्यात ती अठ्ठावन्नवरून बावन्नवर आली. सहा किलो. अठ्ठावन्नचे दहा टक्के पाच पूर्णांक आठ. दोनशे ग्रॅमनं मर्यादा ओलांडली होती. घरातल्या काट्याची चूकच अर्ध्या किलोची असते, असं मी मनाशी म्हटलं, आणि ते खरंही होतं. फोनवरचीनं विचारलं, "वजन, मॅडम?" त्रेपन्न म्हणता आलं असतं. मी अठ्ठावन्न म्हणाले. का, ते मला सांगता येणार नाही. तोंडात तो आकडा होता. पुढच्या महिन्यात खरं सांगू असं ठरवलं.

पुढच्या महिन्यात एकोणपन्नास भरलं.

"अठ्ठावन्नच," मी म्हणाले.

"अरे वा! धरून ठेवलंय की वजन. तुम्ही घरात आहात म्हणून हो, मॅडम."

त्याच्या पुढच्या महिन्यात सेहेचाळीस. फोनवर अठ्ठावन्न.

मात्र ताईला मी कधी अठ्ठावन्न किलोचं औषध दिलं नाही. ते तिला सोसलं नसतं. दर महिन्याच्या खऱ्या वजनावर साखळी मांडली, दोनदा तपासली, आणि तेवढंच ओढलं. तेरा, मग सव्वाबारा, मग साडेअकरा. खोटं मी फोनला सांगत होते, सिरिंजला नाही. दोन्ही गोष्टी मी एकाच हातानं, तितक्याच शांतपणे करत होते. अपराधी वाटायला हवं होतं, हे मला माहीत होतं, वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. इंजेक्शन दिलेल्या हिरडीला जीभ लावून बघावी, तसं मी कधीकधी तपासून बघायचे.

शाळेत दर महिन्याला चाचणी असते. प्रश्न मी काढते. पुढच्या फोनच्या सोमवारआधीच्या गुरुवारी मी फळ्यावर चाचणीतला पहिला प्रश्न सोडवून दाखवत होते. एका मुलीनं अपूर्णांक उलटा घातला होता आणि तिचं उत्तर आलं होतं सहा हजार सहाशे चोवीस.

"सहा हजार सहाशे चोवीस काय?" मी विचारलं.

"मिलिलिटर, मॅडम."

"म्हणजे साडेसहा लिटर. एका वेळेला."

"बादली आणू का?" मागून कुणीतरी म्हणालं. वर्ग हसला.

"एककं लिहिली असतीस तर खाली मिलिलिटर आणि वर मिलिग्रॅम दोनदा उरलेलं दिसलं असतं. साखळीनंच ओरडून सांगितलं असतं. एककं लिहायचा कंटाळा करू नका. आकडा फसवतो, एकक फसवत नाही."

शंकाबाईंचा हात वर होता. त्यांचा हात नेहमीच वर असतो, म्हणून त्यांचं ते नाव. वय अडतीस. पंधरा वर्षं वॉर्डात आया म्हणून काम करून मग शिकायला आल्या आहेत. वर्गातल्या मुली त्यांना घाबरतात आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांच्याच वह्या मागतात.

"मॅडम, एक शंका."

"बोला."

"हा जो आपला पेशंट आहे ना प्रश्नातला. एकच औषध, एकच बाटली. पहिल्या चाचणीला त्याचं वजन बावन्न होतं. दुसरीला एकोणपन्नास. आता सेहेचाळीस." त्यांनी वही माझ्याकडे फिरवून दाखवली, जणू मला पुरावा हवा होता. "औषध लागू पडत नाहीये का त्याला?"

पुन्हा हशा. "मॅडमचा पेशंट डाएटवर आहे," कुणीतरी म्हणालं.

मी फळ्याकडे बघितलं. सेहेचाळीस माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं. प्रश्न काढताना मी कधी विचार केला नव्हता. कुठलातरी आकडा हवा असतो, जवळचा घेतला होता.

"गणितात तो प्रश्न नाही," मी म्हणाले.

"हो, पण मॅडम, साखळी बरोबर आली म्हणजे झालं का? समजा कुणी जुनंच वजन टाकलं, तरी किलोला किलो कटणारच ना? तरी शेवटी मिलिलिटरच उरणार."

"बरोबर."

"मग ती चूक कुठं दिसणार?"

वर्ग शांत झाला होता, कंटाळ्यानं. पंखा डुगडुगत होता.

"दिसणार नाही," मी म्हणाले. "कुणाचा किलो, कधीचा किलो, हे साखळी विचारत नाही. ते माणसानं विचारायचं असतं."

"वॉर्डात आम्ही सिस्टरना सांगायचो," शंकाबाई म्हणाल्या, "अंथरूण बदलताना कळायचं ना हाताला. म्हणायचो, ह्यांचं औषध बघा एकदा, उचलायला हलके लागतात." मग त्यांचं त्यांनाच जास्त बोलल्यासारखं वाटलं असावं. "सॉरी मॅडम. तुम्ही शिकवा."

मी शिकवलं. दुसरा प्रश्न सलाइनच्या थेंबांचा होता.

रविवारी ताईनं वजनकाट्यावर चढताना माझ्या खांद्यावर हात ठेवला. आधी ती दाराच्या चौकटीला धरायची. हात ठेवल्याचं वजन जवळजवळ नव्हतं. काट्यावर तिनं तो काढला, कॅलेंडरकडे बघितलं, आणि मी खाली बघितलं. चव्वेचाळीस.

"उतरू?"

"उतर."

ती उतरली. काही विचारलं नाही. मी साखळी मांडली. उत्तर बरोबर अकरा आलं. पूर्णांक. विद्यार्थ्यांना असली उत्तरं आवडतात.

सोमवारी मी रजा टाकली होती, दहाच्या फोनसाठी. आठला पाच मिनिटं कमी असताना स्वयंपाकघरात आले तर ताई आधीच टेबलाशी बसली होती. गळ्यात मापाची टेप होती; दुकान बंद होऊनही ती सकाळी उठली की टेप गळ्यात घालायचीच. समोर चार बाटल्या रांगेत उभ्या होत्या. तीन सीलबंद. चौथीत तळाशी थोडं औषध.

त्या मी ओट्याखालच्या कपाटात, साबणाच्या डब्यांच्या मागे ठेवल्या होत्या.

मी चौथीतून अकरा मिलिलिटर ओढलं, उजेडात धरलं, वाचलं.

"तोंड उघड."

"आधी तू उघड," ताई म्हणाली. "हे काय आहे?"

"औषध."

"ते दिसतंय. महिन्याला सहा बाटल्या येतात. तू थेंब सांडत नाहीस, एक वेळ चुकवत नाहीस. मग ह्या तीन कुठून आल्या? व्यायल्या?"

मी सिरिंज स्वच्छ रुमालावर आडवी ठेवली.

"आणि हे बघ." तिनं बाटली उचलून चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली. बाटली तिच्या बोटांतून निसटली. तिनं ती दुसऱ्या हातानं पकडली. "इथं साडेचौदा लिहिलंय. तुझ्या नळीत अकरा आहेत. मी अंगठाबहाद्दर नाही हं. इंचाचे आठवे भाग वाचत आलेय आयुष्यभर."

मी खुर्ची ओढून बसले. कागद घेतला. साखळी लिहिली: बारा, किलो, दिवस, दोन वेळा, पाच, एकशेवीस. वर्गात सांगते तसंच सांगायला लागले. काय कशाला कटतं, काय उरतं. तीन महिन्यांत एकूण चारशे पंच्याण्णव मिलिलिटर उरलं, म्हणजे तीन बाटल्या आणि पंचेचाळीस. ताईनं मला मध्ये तोडलं नाही. माझं झाल्यावर तिनं कागदावर बोट ठेवलं, किलो लिहिलं होतं तिथं. मी तिथं रेघ मारली होती.

"इथला आकडा काय सांगतेस त्यांना?"

"अठ्ठावन्न."

"आणि आहे किती?"

तिनं शब्द दिला होता, की विचारणार नाही. मला वाटतं आम्हा दोघींनाही ते त्याच क्षणी आठवलं.

"चव्वेचाळीस," मी म्हणाले.

गिऱ्हाइकानं उंची सांगितल्यावर मान हलवायची, तशी तिनं मान हलवली.

"पन्नासच्या खाली कधी गेले?"

"दोन महिने झाले."

"म्हणजे एव्हाना बंद व्हायला हवं होतं."

"हो."

"झाकली मूठ."

"हो."

"कंबर साडेचार इंच गेलीय," ताई म्हणाली. "टेप खोटं बोलत नाही. मी दर आठवड्याला घेते, तू कामावर गेलीस की."

"तुला माहीत होतं?"

"चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या कंबरा मापल्या. स्वतःची कळणार नाही होय?"

"मग बोलली का नाहीस?"

"शब्द दिला होता. आणि म्हटलं, ही बोलेल. तू म्हणत असशील, ताई बोलेल. अशा दोघी ताकाला गेलो आणि भांडं लपवून बसलो."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणीतरी 'येऊ दे, येऊ दे' म्हणत होतं. मी सिरिंजकडे बघत होते. बुडबुडा पुन्हा टोकाशी आला होता, मोहरीएवढा.

"तुला सांगते," ताई म्हणाली. "बायका माप द्यायला आल्या ना, की पोट आत ओढतात. सगळ्या. अगदी काटकुळ्यासुद्धा. आणि त्या मापानं शिवलं की आठ दिवसांनी येऊन माझ्याच नावानं बोंब, की घट्ट झालं. मग मी काय करायचे, टेप गुंडाळायची आणि गप्पा काढायच्या. मुलाचं कसं चाललंय, नणंद आली होती का. नणंदेचं नाव काढलं की बोलता बोलता पोट सुटतं. तेवढ्यात आकडा घ्यायचा."

"मला नणंद नाही."

"म्हणून तर तीन महिने लागले." ती जराशी हसली, तोंडातल्या फोडांमुळे एका बाजूनंच. "पोट सोड आता. किती वेळ ओढून धरशील?"

 रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही. छातीत काहीतरी जड होतं, पण ते दुसऱ्या कुणाचं असावं इतकं लांब होतं.

"तुला काय हवंय?" मी विचारलं. बावीस वर्षं मी मुलींना सांगत आले आहे, की आधी काय हवंय ते लिहा. ताईला मी ते विचारलंच नव्हतं.

"मला?" ताईनं विचार केला. "टोस्ट. सकाळचा. लोणी लावून. बारा वाजताचा नको, तो कुणाला हवाय? सकाळचा." मग आपल्या बोटांकडे बघून, "आणि ही येतील का परत?"

"थोडीफार. कदाचित. वेळ लागतो. महिने."

"तेवढे महिने आहेत?"

"कदाचित."

"कदाचितचं एकक काय ग, मास्तरीण?"

"नसतं."

"मग ते लिहू नकोस. नीट सांग. बंद केलं तर लवकर जाईन?"

मी नीट सांगितलं. औषध घेऊनही वजन उतरतंय, म्हणजे औषध आजाराला धरत नाहीये. घेतल्यानं फार दिवस मिळत असतील असं मला वाटत नाही. आहेत त्या दिवसांतल्या सकाळी मात्र जातायत. दुखण्याचं औषध वेगळं आहे, ते चालू राहील. दुखू देणार नाही. हे सगळं मी एका दमात म्हणाले. माझ्याच आवाजात होतं, वर्गातल्या नाही.

"हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"एकोणपन्नास भरलं तेव्हापासून."

"हं."

"तू का घेत होतीस मग? तुला कळत होतं तर?"

ताईनं टेप गळ्यातून काढली, बोटांभोवती गुंडाळायला घेतली. गुंडाळी सुटत होती. तिनं तीनदा केली.

"तू ती नळी उजेडात धरतेस ना," ती म्हणाली, "तेवढा वेळ तुझा हात हलत नाही. बाकी दिवसभर हलतो. कप ठेवतेस तेव्हा बशी वाजते. तुला माहीत नाही. म्हटलं, घ्यावं बाई. एवढं तेवढं कडू, त्यात काय."

मी माझा हात टेबलावर बघितला. तो हलत होता. अगदी थोडा, मिलिमीटरभर.

"पण आता पुरे वाटतं," ताई म्हणाली. "तुला वाटतं का, ते मला ठाऊक नाही. आणि फोनवर मी बोलणार नाही हं. आकडे तुझे, फोन तुझा. मी फक्त टोस्ट."

आठ वाजून वीस मिनिटं झाली होती. औषध रुमालावर तसंच होतं. मी ते उचललं नाही, फेकलंही नाही. दहा वाजेपर्यंत आम्ही स्वयंपाकघरातच बसलो. ताईनं खिडकीतून रस्त्यावरच्या लोकांच्या पँटींबद्दल शेरे मारले. एकाची उंची दीड इंच जास्त आहे, टाचेखाली तुडवतोय. एकीनं चेन स्वतः बसवलेली दिसतेय, वाकडी. मी मध्येच हो म्हणत होते.

दहा वाजून दोन मिनिटांनी फोन वाजला. मी तो टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

"नमस्कार मॅडम! कशा आहेत आपल्या ताई?"

"समोर आहेत."

"छान, छान. पटापट विचारते हं, आज यादी मोठी आहे. उलटी?"

"रोज सकाळी. औषधानंतर."

"म्हणजे पूर्वीसारखंच. ताप नाही. तोंडात फोड?"

"आहेत. सहा-सात."

"चालणं?"

"घरातल्या घरात. आधार लागतो."

तिच्याकडे कळा वाजत होत्या. "बरं. आणि वजन आपलं अठ्ठावन्नच ना? लिहून टाकते."

"थांबा," मी म्हणाले.

कळा थांबल्या. ताई खिडकीबाहेर बघत होती.

"चव्वेचाळीस."

"चोपन्न?"

"चव्वेचाळीस. चार, चार. कालचं. गेल्या महिन्यात सेहेचाळीस होतं, त्याच्या आधी एकोणपन्नास, त्याच्या आधी बावन्न. तिन्ही वेळेला मी तुम्हाला अठ्ठावन्न सांगितलं. मला खरा आकडा माहीत होता. तसं लिहा, मी सांगितलं म्हणून."

कळा वाजल्या, एकेक आकडा लिहिल्यासारख्या. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मॅडम, पण मग डोस... अठ्ठावन्नचा डोस जात होता त्यांना?"

"नाही. डोस खऱ्या वजनाचा देत होते. उरलेलं माझ्याकडे आहे. तीन बाटल्या सीलबंद. परत पाठवते."

"तुम्ही स्वतः शिकवता ना हे?"

"हो."

"मग..." तिनं वाक्य सोडून दिलं. तिच्या मागे दुसरा कुठलातरी फोन वाजत होता. "बघा, मी काही म्हणत नाही. मला हे डॉक्टरांना दाखवावंच लागेल. ते फोन करतील. पुढं काय करायचं ते त्यांना विचारून मी तुम्हाला दुपारपर्यंत सांगते. तोवर आजचा डोस..."

"विचारू नका," मी म्हणाले. "कळवा. आम्ही हे औषध बंद करतोय. आजपासून. आत्तापासून."